हिरा व्हा, पण जमिनीवर

अमेरिकेतल्या डेल्टा एअरलाइन्सचा आपल्या प्रवाशांवर इतका जीव आहे, की त्यांनी विमानात बसून दगदग करून घ्यावी हे तिला आता बघवत नाही. त्यांनी खाली राहावं, दुकानाच्या रांगेत उभं राहावं आणि कंपनीचं क्रेडिट कार्ड मनसोक्त घासावं. विमानांचं काय, ती जातातच.

ही माया एका रात्रीत दाटून आलेली नाही. 1981 साली अमेरिकन एअरलाइन्सने मैलांची योजना काढली तेव्हा हिशेब भोळाभाबडा होता. जेवढे मैल उडाल, साधारण तेवढे खात्यात जमा. आठ ठिकाणी शोधून स्वस्त तिकीट काढणारा विद्यार्थी आणि ऑफिसच्या खर्चाने जाणारा साहेब यांचं अंतर सारखं, म्हणून मैलही जवळपास सारखे. असली समता कुणाला किती दिवस सोसणार? 1 जानेवारी 2015 पासून डेल्टाने अंतर मोजायचं सोडून तिकिटाचे डॉलर मोजायला घेतले. साध्या सभासदाला डॉलरमागे 5 मैल, सर्वांत मानाच्या ‘डायमंड’ सभासदाला 11. युनायटेडने दोन महिन्यांत आणि अमेरिकन एअरलाइन्सने पुढच्या वर्षी तोच कित्ता गिरवला. आज डेल्टाच्या सर्वांत स्वस्त तिकिटावर देश ओलांडून गेलात तरी मैल शून्य.

हे झालं मिळवायचं. खर्चायची गंमत आणखी वेगळी. पूर्वी एक तक्ता असे: इथून तिथे जायला इतके मैल. 2015 च्या फेब्रुवारीत डेल्टाच्या संकेतस्थळावरून तो तक्ताच गुल झाला. म्हणजे वाण्याने वहीत तुमच्या नावावर जमा लिहीत जावं, आणि साखरेचा भाव मात्र तुम्ही पिशवी घेऊन दुकानात शिरल्यावर सांगावा. नेहमीच्या प्रवाशांनी या मैलांना ‘स्कायपेसो’ असं नाव ठेवलं आहे. त्यात मेक्सिकोची नाहक बदनामी होते. खऱ्या पेसोचा दर निदान पेपरात छापून येतो.

पण खरा कळस झाला तो सप्टेंबर 2023 मध्ये. डेल्टाने जाहीर केलं, की मानाच्या पायऱ्या चढायला यापुढे किती उडालात, कितीदा उडालात हे बघणार नाही. फक्त खर्च बघू. सर्वांत वरची पायरी डायमंड, तिची किंमत वर्षाला 35 हजार ‘पात्र’ डॉलर. तिकिटं काढून एवढे होत नसतील तर काळजी नसावी. कंपनीचं महागातलं रिझर्व्ह कार्ड घ्या, त्यावर 10 डॉलर खर्च केले की 1 डॉलर पात्र ठरतो. नुसत्या कार्डावर हिरा व्हायचं तर वर्षाला साडेतीन लाख डॉलर उडवा. एवढा पैसा ज्याच्याकडे आहे, त्याला विमानात वरच्या वर्गात चढवून घेण्यासाठी कुणाच्या मेहेरबानीची गरज का पडावी, हे कंपनीने सांगितलं नाही. त्याच कार्डवाल्यांना विमानतळावरच्या लाउंजमध्ये वर्षातून दहाच भेटी, हेही त्याच दमात ठरलं. सासुरवाडीलासुद्धा माणूस याहून जास्त वेळा जातो.

बोंब झाली. मुख्य कार्यकारी अधिकारी एड बास्टियन यांनी अटलांटातल्या रोटरी क्लबात कबूल केलं, की आपण जरा जास्तच पुढे गेलो. मग ऑक्टोबरात 35 हजारांचे 28 हजार झाले, दहा भेटींच्या पंधरा झाल्या, आणि आदल्या महिन्यात शिव्या घालणारे लोक पंधरा भेटी मिळाल्या म्हणून सुटकेचा श्वास टाकू लागले. आधी 35 मागावेत, म्हणजे 28 गोड लागतात. हे आपल्याकडे तुळशीबागेत कुणालाही शिकवावं लागत नाही.

या सगळ्याचं मूळ टाकसाळीत आहे. मैल छापायला कंपनीला परवानगी लागत नाही, आणि बँका ते रोख डॉलर मोजून विकत घेतात. 2024 साली हे कार्ड काढणाऱ्या अमेरिकन एक्सप्रेसकडून डेल्टाला सुमारे 7.4 अब्ज डॉलर मिळाले. त्या वर्षीचा कंपनीचा सगळा कामकाजी नफा 6 अब्ज. 2020 मध्ये, विमानं धूळ खात उभी असताना, डेल्टाने हीच मैलांची योजना तारण ठेवून 9 अब्ज डॉलर उभे केले. विमानं जमिनीवर होती, पण तुमची निष्ठा लगेच गहाण पडली.

ही निष्ठा बघायची तर न्यू जर्सीत एडिसनच्या ओक ट्री रोडवर जावं. दहा मराठी माणसं जेवून उठतात आणि बिलावर झडप पडते. ‘अहो, राहू द्या, मी देतो ना!’ पाहुण्याला वाटतं, काय ही दिलदारी. यजमान स्वतःचं कार्ड पुढे करतात, आणि गाडीत बसायच्या आत बाकी नऊ जणांकडून फोनवर वाटणी वसूल. मैल मात्र एकाच्या खात्यात. आयजीच्या जिवावर बायजी उदार.

आणि तक्रार? तीही जपून करावी. मिनेसोटातल्या एका रब्बींना 2008 साली नॉर्थवेस्ट एअरलाइन्सने (जी पुढे डेल्टात विलीन झाली) मैलांच्या योजनेतून काढून टाकलं. अपराध काय, तर फार तक्रारी करता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. कंपनीने करारात निदान सद्भावनेने वागावं, असं रब्बींचं म्हणणं होतं. 2014 मध्ये न्यायालयाने एकमताने सांगितलं, की 1978 च्या विमानवाहतूक नियंत्रणमुक्तीच्या कायद्यापुढे राज्याच्या कायद्यातली ही सद्भावना चालणार नाही. योजना पटत नसेल तर दुसऱ्या कंपनीची निवडा. दुसरीची म्हणजे जिने तोच कित्ता गिरवलाय तिची.

आपण हसायचं कारण नाही. एअर इंडियानेही 2024 मध्ये अंतर सोडून रुपये मोजायला घेतले, आणि तिच्या योजनेचं नाव आता ‘महाराजा क्लब’ आहे. कंपनीच्या जाहिरातींतला हा महाराजा अस्सल मुंबईकर. 1946 मध्ये बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी त्याला घडवलं, तेव्हापासून तो छातीवर हात ठेवून प्रवाशापुढे लवतो आहे. इतकी वर्षं आपण समजत होतो, अदब म्हणून. लवल्यावर त्याची नजर बरोबर खिशाच्या उंचीला येते, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.