मन घट्ट, पाणी किती?

शनिवार-रविवारच्या ट्रेकच्या जाहिरातींत हल्ली एक गोष्ट हमखास सांगितली जाते: मन घट्ट ठेवा, शरीर आपोआप साथ देईल. हे साफ खोटं आहे आणि डोंगरात असलं खोटं जीवावर बेततं. शरीर थकलं की आधी मनच दगा देतं. आणि दगा देताना पूर्वसूचना देत नाही.

एप्रिलमधली हरिश्चंद्रगडाची नळीची वाट डोळ्यांसमोर आणा. दुपारचे बारा. घळीत वाऱ्याचा पत्ता नाही, दगडाला हात लावला तर चटका बसतो, बाटलीत जेमतेम दोन घोट. सकाळी सगळ्यांची चेष्टा करणारा पोरगा आता गप्प झालाय. थोड्या वेळाने तो चिडचिड करू लागतो. मग पाय कुठे पडतोय हे न बघताच पुढे टाकतो. विचारलं तर म्हणतो, "मी ठीक आहे रे, चला." त्याला मनापासून तसंच वाटत असतं, धोका तिथेच आहे. पाणी आणि मीठ कमी पडलं, रक्तातली साखर उतरली की अंदाज घ्यायची ताकद आधी जाते. आत्मविश्वास मात्र बराच वेळ शाबूत राहतो. थंडीतही तेच. शरीराचं आतलं तापमान 35 अंश सेल्सिअसच्या खाली घसरलं की बोटं ऐकेनाशी होतात, जीभ अडखळते आणि माणूस भलतेच निर्णय घेऊ लागतो. एव्हरेस्टच्या माथ्यावर तर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण एक तृतीयांशच असतो. तिथे शहाण्यासुरत्या माणसाचंही डोकं धड चालत नाही.

म्हणून जाणते गिर्यारोहक महत्त्वाचा निर्णय वर गेल्यावर घेत बसत नाहीत. तो खालीच घेतात, पोटभर जेवून, डोकं ठिकाणावर असताना. किती वाजता परत फिरायचं, हे निघण्याआधी ठरलेलं असतं.

1996 च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर जे घडलं ते प्रत्येक ट्रेकरला पाठ असायला हवं. स्वीडनचा गिर्यारोहक योरान क्रॉप मायदेशातून सायकलने नेपाळला आला होता. 3 मे रोजी माथा शंभरेक मीटरवर आला, पण उशीर झाला होता, खाली सुखरूप उतरण्याइतकं बळ उरेल याची खात्री नव्हती. तो मागे फिरला. त्यानंतर आठवडाभरातच, 10 मे रोजी, गिऱ्हाइकांना एव्हरेस्टवर नेणाऱ्या रॉब हॉल या मार्गदर्शकाची तुकडी वर गेली. हॉल काही नवखा नव्हता. त्याआधी चार वेळा तो माथ्यावर जाऊन आलेला. आदल्या वर्षी ज्या गिऱ्हाइकाला त्याने माथा दिसत असताना परत फिरवलं होतं, तोच पुन्हा आला होता. परत फिरायला दुपारचे दोन ही शेवटची वेळ मानलेली. ती टळली. तो माणूस चारच्या सुमारास माथ्यावर पोचला आणि हॉल त्याच्यासाठी थांबून राहिला. दोघंही परतले नाहीत. त्या दिवशी उठलेल्या वादळाने डोंगराच्या दोन्ही बाजूंना मिळून आठ जणांचा बळी घेतला. क्रॉप 23 मे रोजी पुन्हा चढला, बाटलीतला ऑक्सिजन न वापरता माथा गाठला आणि खाली उतरला. जिद्द हॉलकडेही होती, क्रॉपकडेही होती. फरक पडला तो वेळ पाळण्यात.

दुसरी भूलथाप म्हणजे 'भीती जिंका'. भीती जिंकायची कशाला? कड्याच्या टोकाला पाठमोरा उभा असलेला नवखा पोरगा बघा. रॅपलिंगचा दोर हार्नेसमधून गेलेला, गुडघे लटपटतायत, आणि वरच्या हाताने त्याने दोर असा आवळलाय की बोटं पांढरी पडलीत. खरं तर त्याला तोलून धरायचं काम खालचा हात करतो. शिकवणारा घसा कोरडा होईपर्यंत एकच सांगतो, "खालचा हात सोडू नको." हे भाषणाने अंगात मुरत नाही. दहा फुटी दगडावर पुन्हा पुन्हा उतरून, ओल्या हातांनी, डोळे मिटून गाठी मारून मुरतं. दोराच्या टोकाला गाठ आहे ना, हे पुन्हा एकदा बघायला लावते ती भीतीच. तिला हाकलून दिलं तर तपासणार कोण?

पुण्याच्या 'गिरिप्रेमी' या गिर्यारोहण संस्थेचे आठ जण 2012 मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. त्यामागे सह्याद्रीतल्या कड्यांवरचा आणि हिमालयातल्या मोहिमांमधला वर्षानुवर्षांचा सराव होता. मन कणखर होतं ते असं, हळूहळू, शरीराच्या बरोबरीने. एका रात्रीच्या बसप्रवासात आणि पहाटेच्या घोषणांत ते होत नाही.

आणि फाजील धाडसाची किंमत एकटा धाडस करणारा मोजत नाही. कुणी दरीत अडकलं की लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र'सारख्या संस्थांची माणसं हातातली कामं टाकून, स्ट्रेचर आणि दोर घेऊन, भर पावसात अंधारात उतरतात. त्यांचाही जीव जीवच असतो. राज्य सरकारने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, ते बरंच झालं. पण त्या धोरणाखालच्या नोंदणीचा कागद दोर तपासत नाही. तपासायचं तुम्हालाच आहे.

तेव्हा पुढच्या ट्रेकचे पैसे भरण्याआधी आयोजकाला तीन प्रश्न विचारा. परत फिरायची वेळ किती वाजताची? माणशी पाणी किती लिटर? दोर आणि गाठी कोण तपासणार? तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली तर खुशाल जा. "मन घट्ट ठेवा, सगळं जमतं" असं उत्तर आलं, तर पैसे भरू नका.