भुताची साक्ष

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या जुन्या शायर हॉलमध्ये न्यायालय आणि तुरुंग एकाच छपराखाली नांदत होते. आज तिथे न्यायाचे संग्रहालय आहे. अशा वास्तूत रात्री भुतांचा शोध न चालेल तरच नवल! पुरावा काय, तर हातातल्या विद्युतचुंबकीय मापकाचा दिवा लुकलुकला, की कैदी हजर. वास्तविक हे यंत्र विजेच्या तारा आणि उपकरणे हुडकण्यासाठीच असते आणि ते काम ते इमानेइतबारे करते. ‘इथे वायर आहे’ ही साक्ष ‘इथे मयत उभा आहे’ अशी नोंदवणारा कारकून कुठल्याही कोर्टात आठवडाभर टिकला नसता.

अंगावर काटा येतो, तो खोटा का, असे कोणी विचारील. काटा खराच, वाद कारणाचा आहे. विक टँडी या अभियंत्याने १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात प्रयोगशाळेतल्या ‘भुता’चा माग एका पंख्याच्या सुमारे १९ हर्ट्झच्या, कानाला न जाणवणाऱ्या कंपनापर्यंत नेला होता. बरे, भुतांच्या या शोधाच्या तिकिटांच्या पैशांवर जुनी वास्तू तगते, हे मान्य. पण १८४४ मध्ये याच शायर हॉलच्या दारासमोर विल्यम सॅव्हिल या कैद्याची फाशी बघायला लोटलेल्या गर्दीत किमान १२ माणसे चेंगरून मेली. तमाशा तोच, फक्त आता रांग शिस्तीत लागते. तुरुंगाच्या आवारातल्या विटांवर कैद्यांनी कोरलेली अक्षरे आजही आहेत. ती वाचायला यंत्र लागत नाही. दिवसाचा उजेड पुरतो.