मग म्हणू नका, सांगितलं नाही!

घर विकायचं ठरलं की डोंबिवलीत लोक आधी रंगाऱ्याला बोलावतात. आमच्या शेजारच्या अण्णांनी आलेल्या रंगाऱ्याला चहा पाजून परत पाठवलं. "ओल रंगाखाली दडपायची? 1872 चा करार कायदा, कलम 17. फसवणूक!"

अण्णांची सगळी नोकरी कोर्टाच्या कचेरीत गेली. चौथा मजला, लिफ्ट नाही, गुडघे कुरकुरायला लागले म्हणून फ्लॅट काढलाय. पण 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 55 त्यांना रामरक्षेसारखं पाठ. विकणाऱ्याला ठाऊक असलेला, पण घेणाऱ्याला नेहमीची काळजी घेऊनही कळणार नाही असा महत्त्वाचा दोष सांगायलाच हवा. दडवला तर लबाडी. एवढ्या एका कलमावर अण्णांनी कित्येक गिऱ्हाइकं परतवली आहेत.

गिऱ्हाईक आलं की एजंट बाल्कनीतला वारा दाखवतो. अण्णा चष्मा पुसतात. "बेडरूमच्या या भिंतीत पाणी मुरतं. आत्ता मार्च आहे, भिंत कोरडी ठणठणीत, म्हणून सांगणं भाग. जुलैत आला असतात तर बोललोच नसतो, तुम्हालाच दिसलं असतं." एजंट हळूच त्यांच्या पायावर पाय देतो. "पाय का देतोस रे?" अण्णा खणखणीत आवाजात विचारतात.

एकदा एका बाईंनी तडकलेल्या ओट्याकडे बोट दाखवलं. अण्णा दुखावलेच. "तो दिसतोय ना तुम्हाला? मग ते खातं माझ्याकडे नाही. मी फक्त न दिसणारं बघतो."

मग फाईल उघडते. मूळ करारनामा, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, चालू महिन्यापर्यंतची मेंटेनन्सची पावती. फ्लॅट मुळात वडिलांचा, म्हणून बहिणीचं नोंदणीकृत हक्कसोडपत्रही. "बहीण तेव्हापासून भाऊबीजेला येत नाही, पण सही तिचीच." आणि दर कागदामागे पालुपद: "मग म्हणू नका, सांगितलं नाही!"

शेजारी हा दोष धरावा का, याविषयी अण्णांच्या मनात अजून किंतु आहे. तरी जोखीम नको म्हणून मलाही ते जाहीर करून टाकतात. "भिंतीपलीकडे लेखक राहतात. वाचून दाखवायला येतात कधीकधी."

मध्यंतरी ते स्वतःसाठी तळमजल्याचं घर बघून आले. मालक म्हणाला, "काही म्हणजे काही प्रॉब्लेम नाही." अण्णा चहाही न घेता उठले. "एकही दोष नाही म्हणतो! अशा माणसाकडून घर घ्यायचं?"

एजंट मंडळी आता आमचा जिनाच चढत नाहीत. पण बिल्डिंगमधल्या कुणालाही घर घ्यायचं असलं की तो टोकन देण्याआधी कागद घेऊन अण्णांकडेच येतो, आणि अण्णा जेवण बाजूला सारून ते वाचतात.

परवा मी बसलो असताना वहिनींनी चहा ठेवता ठेवता विचारलं, "अहो, कांदेपोह्यांच्या वेळी तुमच्या घोरण्याबद्दल तुमच्याकडचं कुणी अवाक्षर बोललं नाही. आम्ही कितीही काळजी घेतली असती तरी कळणार होतं का ते?"

अण्णा आरामखुर्चीतून न हलता म्हणाले, "कलम 55 फक्त स्थावर मालमत्तेला लागू आहे."

वहिनींनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत एकदा न्याहाळलं. "मग लागूच की!"