बिनकंपनीच्या ट्रॉलीचं बेअरिंग: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

कंपनीत जन्मलेल्या ट्रॉलीचं बेअरिंग कुणीही बदलेल. पुस्तक उघडायचं, पार्ट नंबर वाचायचा, पैसे मोजायचे. हे मार्गदर्शन तुमच्या ट्रॉलीसाठी आहे. तिचे चॅनेल भंगारातले, एक्सल मोडीत निघालेल्या ट्रकचा, आणि जोडणारा वेल्डर कधीच गाव सोडून गेलेला.

आधी बेअरिंग गेलंय हे मान्य करा. ट्रॅक्टरवर गाणी लागलेली असतात तोवर कुणाचंच बेअरिंग जात नाही. म्हणून गाणी बंद करा. मागून घरघर येते का? चाक उचलून वर-खाली धरून हलवा. खडखडलं तर नट ढिला किंवा बेअरिंग झिजलेलं. फिरवताना खरखरलं तर बेअरिंगच.

चाक उचलण्याआधी ट्रॉली रिकामी करा, दुसऱ्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड लावा आणि एक्सलखाली लाकडाचे भक्कम ठोकळे द्या. नुसत्या जॅकवर उभ्या ट्रॉलीखाली हात घालू नका. एवढा परिच्छेद विनोदी नाही.

साहित्य: पाने, हातोडी, पितळी दांडा, डिझेलचा डबा, जुनी बनियन, ग्रीस, नवं ऑइल सील. सल्ला देणारी माणसं आणावी लागत नाहीत. हबची टोपी उडाल्याचा आवाज झाला की येतात.

टोपीच्या आत कॉटर पिन असते, म्हणजे असायला हवी. बहुधा वाकवलेला खिळा निघेल. तो काढा, नट सोडा आणि हब ओढताना पुढं हात धरा, नाहीतर बाहेरचं बेअरिंग मातीत पडेल. आतलं, मोठं बेअरिंग सीलमागं बसलेलं असतं.

आता मुख्य काम, ट्रॉलीचं कूळ शोधणं. बनियन डिझेलमध्ये बुडवून बेअरिंग पुसा. कडेला कोरलेला नंबर दिसेल. समजा, ३२२११. शेवटचे दोन आकडे घ्या, पाचानं गुणा: ५५. एवढे मिलिमीटर आतलं भोक. बाहेरचा व्यास १००, जाडी २६.७५. ३०२०८ असेल तर भोक ४०. अक्षरांनी सुरू होणारा, मध्ये तिरकी रेघ असलेला नंबर निघाला तर ते बहुधा इंची मापाचं. तिथं हा पाढा चालत नाही. नंबर झिजला असेल तर व्हर्नियरनं भोक, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजा. एक्सलही मोजा, कारण तुमच्या आधीच्या कारागिरानं ढिल्या बेअरिंगखाली पत्र्याची पट्टी गुंडाळलेली असू शकते. पट्टी निघाली तर दुकानाआधी लेथवाल्याकडं जा.

हे का महत्त्वाचं, ते दुकानात कळतं.

“कशाचं बेअरिंग, पाव्हणं?”
“ट्रॉलीचं.”
“कुठल्या ट्रॉलीचं?”
“आमच्या.”

जुनं बेअरिंग काउंटरवर ठेवा म्हणजे पुढचा संवाद वाचेल.

नव्या पुडक्यात दोन वस्तू असतात: तिरक्या रोलरांसकट कोन, आणि त्याभोवतीचा कप. रोलर तिरके अशासाठी, की ते वरचं वजनही झेलतात आणि वळणावरचा बाजूचा रेटाही. याचं पेटंट १८९८ साली अमेरिकेत हेन्री टिमकेन यांना मिळालं. ते घोडागाड्या बनवणारे. म्हणजे कारागीर तुमच्याच बिरादरीतले.

हबमधला जुना कप चांगला दिसतो म्हणून ठेवू नका. कोन नवा, कप जुना अशी जोडी लवकरच एकमेकांना खाते. पलीकडून पितळी दांड्यानं, आळीपाळीनं समोरासमोर ठोके देत जुना कप काढा. नवा तसाच गोल फिरत बसवा. तो टेकला की ठोक्याचा आवाज बदलतो, टणक येतो. तो आवाज येईपर्यंत सल्लागारांना गप्प बसवा.

ग्रीस वरून फासू नका. तळहातावर गोळा घ्या आणि कोनची रुंद कड त्यावर दाबत राहा, दुसऱ्या बाजूनं ग्रीस बाहेर येईपर्यंत. हे काम घाणेरडं आहे आणि मला त्यातच सगळ्यात समाधान वाटतं. जुनं ग्रीस मात्र पूर्ण धुऊन काढा. दोन जातींचं ग्रीस एकत्र आलं की कधीकधी पातळ होऊन वाहतं.

आतलं बेअरिंग, सील, हब, बाहेरचं बेअरिंग, वॉशर, नट, या क्रमानं चढवा. हब फिरवत नट आवळा, मग सोडा, बोटांनी लावा आणि पिनेचं भोक जुळेल तिथं थांबा. किंचित सैल, जेमतेम जाणवेल इतकं राहू द्या. याच वेळी कुणीतरी म्हणेल, “पान्याला पाइप लाव, चांगला आवळ.” ऐकू नका. पिन नवी घाला. खिळा भिंतीत ठोका.

रिकामी ट्रॉली चार-पाच किलोमीटर फिरवून आणा आणि उतरल्या उतरल्या हबला बोटं लावा. कोमट असला तर ठीक. चटका बसला तर नट जास्त आवळला गेलाय. ठोकळे पुन्हा लावा, नट थोडा सोडा, आणि पाइपवाल्याला चहा आणायला पाठवा.