ओसरीलगतच्या दोन खोल्या

जॅक्सन हाइट्स, क्वीन्स, न्यूयॉर्क
रविवार, धुणं मशीनमध्ये

ती. तात्या व ती. आई यांस,

पार्सल पोचलं. काळा मसाला, लसणाची चटणी आणि शेंगदाण्याचे लाडू सुखरूप आहेत. कुरडयांचा चुरा झाला, पण चुराही तळता येतो, तेव्हा आईनं त्यावरून जीव खालीवर करू नये. पार्सलच्या पाठोपाठ अण्णाकाकांचा मंचरहून काळजीचा फोन आला. त्यांच्या तक्रारी दोन. पहिली आमच्याबद्दल : नेपाळी, बांगलादेशी, तिबेटी, कोलंबियन असल्या खिचडीत कशाला राहता, एडिसनला आपली माणसं आहेत, गणपती आहे, तिकडं घर बघा. दुसरी तात्यांबद्दल : नारायणगावच्या घराच्या ओसरीलगतच्या दोन खोल्या ते टोमॅटो मार्केटात कामाला आलेल्या बिहारी कुटुंबाला द्यायला निघालेत, त्यांना जरा समजाव. काकांच्या लेखी हे दोन वेगळे विषय आहेत. मला तो एकच विषय दिसतो, म्हणून धुणं होईपर्यंत दोन्हींचं उत्तर एकदमच देतो. तात्यांनी हे काकांना मोठ्यानं वाचून दाखवावं, मधे चहा पाजावा.

माझं म्हणणं असं. परगावी माणूस आपल्यासारखी माणसं शेजारी आहेत एवढ्यावर टिकत नाही. दारावरून वाहता रस्ता लागतो, आणि शेजारीही कुठून तरी आलेला असावा लागतो. जिथं सगळेच बाहेरचे, तिथं कुणी कुणाचा पाहुणा नसतो आणि कुणी कुणावर उपकारही करत नाही. आमच्या स्टेशनावर पाच गाड्या मिळतात : सात नंबरची डोक्यावरून, ई, एफ, एम आणि आर जमिनीखालून. रात्रीबेरात्रीही काही ना काही चालू असतं. तिकीट तीन डॉलर, मग एक स्टेशन जा नाहीतर शहराच्या दुसऱ्या टोकाला. ला ग्वार्डिया विमानतळाची बस तर फुकट. ज्याच्याकडं गाडी नाही, ज्याची पाळी रात्रीची आहे, ज्याला इंग्रजी धड येत नाही, तो अशाच ठिकाणी बिऱ्हाड करणार. म्हणून इथं चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर पटेलांच्या दुकानात तूरडाळ मिळते आणि दोन पावलांवर तिबेटी मोमो. ही सरमिसळ कुणी ठरवून केलेली नाही, ती रस्त्याच्या मागोमाग आली.

यात नवीन काहीच नाही, आणि हे जुन्नर तालुक्यातल्या माणसाला सांगावं लागतं याचं नवल वाटतं. कल्याण-सोपाऱ्याचा माल नाणेघाट चढून जुन्नरला यायचा आणि पुढं पैठणला जायचा. त्या घाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, आणि ज्यात जकात टाकायचे म्हणतात तो दगडी रांजण आहे. ज्या गावावरून असा रस्ता जातो तिथं काय होतं, ते जुन्नरच्या लेण्यांतच कोरलेलं आहे. इरिल नावाच्या यवनानं तिथं पाण्याची दोन टाकी दिली. चिट नावाच्या यवनानं भिक्षूंना जेवायला मंडप बांधून दिला. धान्याचे व्यापारी, कांस्यकार, बांबूकाम करणारे यांच्या श्रेणींचे लेख त्याच डोंगरांत. थोडक्यात, दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नरला परदेशी लोक नुसते राहत नव्हते, वर्गणीही देत होते. अण्णाकाकांनी गणेशोत्सवात पावतीपुस्तक घेऊन फिरताना हे ध्यानात ठेवावं.

त्याहून जवळचा दाखला हवा असेल तर अफनासी निकितिन घ्या. रशियातल्या त्वेरचा हा व्यापारी १४७०च्या सुमारास, बहमनी राजवटीत, एक घोडा विकायला चौलला उतरला आणि पावसाळ्यात जुन्नरला अडकला. परदेशात राहणाऱ्याच्या सगळ्या तक्रारी त्यानं तेव्हाच लिहून ठेवल्या आहेत : पाऊस थांबत नाही, चिखल फार, इथले लोक घोड्याला खिचडी चारतात. पोथ्या वाटेत लुटल्या गेल्या होत्या, त्यामुळं आपले सण कधी आले नि कधी गेले याचा हिशेबच त्याला लागेना. इथं राहणाऱ्या कुठल्याही मराठी घरात चतुर्थी आज की उद्या यावर जो वाद होतो, तो त्याला बरोबर कळला असता. मग जुन्नरच्या असदखानानं त्याचा घोडाच काढून घेतला आणि धर्म बदल, तर घोडा परत, वर हजार मोहरा, असं बजावलं. सोडवलं कुणी? गावात रशियन दुसरा कुणी नव्हताच. मधे पडला तो खुरासानचा ख्वाजा महंमद, म्हणजे तोही बाहेरचाच. काका म्हणतात अडीअडचणीला आपला माणूस लागतो. निकितिनचा दाखला सांगतो की अडचणीला शब्द टाकणारा माणूस लागतो, आणि परकेपण ज्यानं स्वतः भोगलंय तो शब्द टाकायला जरा लवकर उठतो.

आता काकांचा वकिली स्वभाव विचारेल : रस्ता आला की माणसं मिसळतात, हे खरं कशावरून? शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर आमच्याच वस्तीच्या इतिहासात आहे. १९०९ला क्वीन्सबरो पूल झाला, १९१७ला इथवर रेल्वे आली, आणि एका कंपनीनं शेतं विकत घेऊन मधे बाग व चहूबाजूंनी इमारती अशी देखणी घरं बांधली. ती घरं आजही आहेत, बागा रस्त्यावरून दिसत नाहीत. पण त्या काळी ज्यूंना आणि काळ्या लोकांना इथं घर मिळत नसे. स्टेशन होतं, गाड्या होत्या, सरमिसळ नव्हती. दरवाजे हळूहळू किलकिले झाले, १९६५ला देशाचा कायदा बदलला, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतली माणसं येऊ शकली, आणि मग आजची ही वस्ती उभी राहिली. म्हणजे रस्ता माणसाला दारापर्यंत आणतो, पण कडी आतल्या माणसाला काढावी लागते. तात्या, तुमच्या दोन खोल्यांची कडी सध्या तुमच्या हातात आहे, काकांच्या नाही.

मिसळून राहायला मोठं मन लागतं, असंही समजू नका. मनाचं काम बऱ्याचदा एखादा छळवादी नियम करतो. इथला तसला नियम गाडी लावण्याचा. रस्ता झाडणारं यंत्र येतं, म्हणून ठरल्या वारी ठरल्या वेळी रस्त्याची एक बाजू मोकळी करायची, दुसऱ्या दिवशी दुसरी. खांबावर लाल पाटी असते, त्यावर 'पी' अक्षर आणि केरसुणी. लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीला हळदकुंकू वाहतो, इथं तिला दंडाचे डॉलर वाहावे लागतात. रुपयांत हजारोंनी. नेमका आकडा आईला सांगत नाही, ती गाडी विकायला लावील. दंड चुकवायचा तर ठरल्या वेळी गाडीत बसून राहायचं, यंत्र गेलं रे गेलं की पुन्हा जागा पकडायची. डॉक्टर असो, टॅक्सीवाला असो, भटजी असो, आमच्या गल्लीत या वेळी सगळे सारख्याच रडवेल्या चेहऱ्यानं स्टिअरिंग धरून बसलेले असतात. चाकणच्या कोंडीत जी समता नांदते तीच ही.

या नियमाला शहरानं एक सुट्ट्यांची यादी जोडली आहे, आणि माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा तोच. ईद, ज्यूंचा पासोव्हर, चिनी नववर्ष, तिबेटी लोसार, आपली दिवाळी या दिवशी गाडी हलवावी लागत नाही. परिणाम असा की कोलंबियाचा कॅथलिक माणूस दिवाळी कधी आहे याची चौकशी करतो आणि कोकणस्थाच्या घरात ईदची वाट पाहिली जाते. सर्वधर्मसमभावावरची भाषणं आपण शाळेत पुष्कळ ऐकली, पण शेजाऱ्याचा सण तोंडपाठ करायला लावणारी एवढी साधी युक्ती कुणाला सुचली नव्हती. शाळांना दिवाळीची सुटी मिळण्याचा कायदा मात्र २०२३ला झाला. गाडीला सुटी आधी मिळाली, पोरांना नंतर. सरकार कुठलंही असो, क्रम सारखाच.

आता उरलेल्या हरकती. गोंगाट फार, हे कबूल. रूझवेल्ट अव्हेन्यूवर डोक्यावरून गाडी जाते तेव्हा फोनवरचं वाक्य अर्धं सोडावं लागतं, आणि आईला वाटतं आम्ही तिचं ऐकत नाही. भाडं जबर, हेही कबूल. पण एडिसनला घर जरा ऐसपैस मिळालं तरी नवराबायकोला दोन गाड्या लागतात, तेव्हा हिशेब पुरता मांडावा. 'तिकडं रात्रीबिरात्री सुरक्षित आहे ना' या प्रश्नावर मात्र माझं उत्तर तयार आहे. जिथं उसाच्या फडाकडं जाताना हातात काठी, बरोबर सोबती आणि मोबाइलवर मोठ्यानं गाणी लागतात, माणिकडोहला बिबट्यांसाठी वेगळं केंद्र चालवावं लागतं, तिथल्या माणसांनी न्यूयॉर्कची काळजी करावी? थट्टा पुरे. बिबट्याच्या हल्ल्यांत घरं उजाडली आहेत, हे विसरत नाही, आणि तात्यांनी रात्रपाळीची लाइट आली तरी मोटार चालू करायला एकट्यानं जाऊ नये. पण सुरक्षिततेचा माझा मुद्दाही हाच आहे : रस्त्यावर उशिरापर्यंत दुकानं उघडी आणि माणसं जागी असणं, ही कुठल्याही गावातली पहिली राखण. ओस वाड्यापेक्षा भाडेकरूचा दिवा बरा.

सगळ्यात अवघड हरकत आईची, आणि तिला माझ्याकडं पूर्ण उत्तर नाही. ती म्हणते, शेजारी कितीही चांगले असोत, आपलं कोण आहे तिथं? खरंय. धाकट्याचं नाक बघून 'हे थेट पणजोबांचं' म्हणणारं इथं कुणी नाही. श्रावणी सोमवारी ओतूरला कपर्दिकेश्वराला तांदळाच्या पिंडी रचलेल्या असतात आणि इथं त्या दिवशी नुसता सोमवार असतो. मोमो उत्तम असतात, पण मासवडीचा रस्सा कुठल्याच विमानानं येत नाही, आणि आईच्या हाताची मासवडी शब्दांत समजावायला गेलं की समोरचा नेपाळी शेजारी फार सभ्यपणे मान हलवतो. मिसळ शेजार या कशाची भरपाई करत नाही. पण एडिसनही करत नाही. तिथं मराठी भेटेल, गणपती भेटेल, आई भेटणार नाही. जे कुठंच मिळणार नाही त्याच्यासाठी जे मिळतंय ते सोडावं, हे काही गणित नव्हे. उलट घर सोडल्याचं दुःख ज्याच्या घरात रोजचं आहे, अशा शेजाऱ्याला आपण गप्प का आहोत हे सांगावं लागत नाही.

घरच्या बातम्यांबद्दल. दादाला सांगा, पुणे-नाशिक रेल्वे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीमुळं वाट बदलणार म्हणून एवढं तोंड पाडू नकोस. जमिनीचा भाव स्टेशनाच्या आशेवर चढला तेव्हा दुर्बीण तिथंच होती. शालूचं स्थळ 'तुमच्याकडं बिबटे फार' म्हणून फिरलं, ते बरंच झालं. एवढ्यानं बिचकणारा मुलगा आत्याबाईंसमोर टिकला नसता. वहिनीनं मिरचीचं पीठ पाठवलं नाही, याची नोंद घेतली आहे. तमाशाच्या राहुट्यांचे फोटो मात्र पाठवा. जत्रेचा तमाशा ठरवायला गावोगावचे पुढारी नारायणगावात येतात, तेव्हा कोण कुठल्या जातीचं नि गावचं हे विचारत नाही कुणी, सुपारी किती तेवढंच विचारतात.

तर तात्या, खोल्या त्या बिहारी कुटुंबाला द्या. काका म्हणतील, त्यांची भाषा कळत नाही. १९७१ला आर्वीला उपग्रह केंद्र झालं आणि देशाचं परदेशाशी बोलणं आपल्या तालुक्यातून जाऊ लागलं. खोडदला तर आकाशगंगेपलीकडचं ऐकतात. एवढं सगळं ऐकणाऱ्या तालुक्याच्या कानाला भिंतीपलीकडची भोजपुरी टोचू नये. काका म्हणतील, ते आज आहेत, उद्या जातील. जाऊ द्या की, आम्हीही गेलोच. नारायणगावचा टोमॅटो परराज्यात जातो तेव्हा तिथली माणसं इकडं येणार, हा त्याच रस्त्याचा परतीचा माल आहे. पाण्याची वेळ आधीच सांगा, छठ पूजा कधी असते ते विचारून ठेवा, आणि त्यांच्या पोराचं नाव आपल्या शाळेत घालायला दादाला बरोबर पाठवा. करारनामा मात्र रीतसर करा आणि डिपॉझिट सोडू नका. नाणेघाटातही आधी जकात, मग वाट.

तुमचा,
बाळू

ता. क. कागदपत्रं करताना काकांना साक्षीदार घ्या. सही केली की विरोध आपोआप मावळतो.