आरशापुरती सफाई

मूल, सिंदेवाही, वडसा, आलापल्ली. कुठल्याही बसस्थानकासमोर पाहा, सलूनवाले भाऊ सापडतातच. "या जी, बसा" म्हणत ते खुर्चीवर टॉवेल असा फटकारतात, की मागच्या गिऱ्हाइकाचे केस बाकावर बसलेल्या पुढच्याच्या अंगावर जावेत. मग नवी पत्ती कागदातून काढायची, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर धरायची, कट्‌कन मोडायची आणि अर्धी वस्तऱ्यात बसवायची. वडशाच्या नाटक कंपन्यांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन होळीच्या सुमारास आटोपतो. भाऊंचा हा प्रवेश बारमाही. तरीही या माणसाला अस्वच्छ म्हणणे अन्यायाचे होईल. तो स्वच्छ आहे, पण आरशात दिसेल तेवढाच. काच लखलखीत, काउंटर पुसलेले, उदबत्ती लावलेली. आरशाबाहेर राहतात ते सकाळपासून सगळ्यांची तोंडे पुसणारा टॉवेल, फेसाचा ब्रश, मानेवर फिरणारे मशीन आणि तुरटी.

तो तुरटीचा खडा एकदा हातात घेऊन पाहावा. कडा झिजलेल्या, खाचेत वाळलेला फेस, फेसात कुणाचे तरी दोन खुंट. गालाला कापले की भाऊ तोच ओला करून फिरवतात आणि रक्त थांबते. हिपॅटायटिस बीचा विषाणू मात्र तुरटीला भीत नाही. वाळलेल्या रक्तातही तो सात दिवस तग धरतो. म्हणजे पत्ती आपली आणि खडा साऱ्या गावाचा. यावर भाऊंचे उत्तर तयार असते: "आजोबापासून हेच करतो, कोणाले काही नाही झालं." झाले तरी कळणार कसे? ही कावीळ उठायला महिना ते सहा महिने लागतात, आणि कित्येकांना तर ती दिसतच नाही. दाढी उन्हाळ्यातली, कावीळ पावसाळ्यातली. तोवर दोष विहिरीच्या पाण्यावर, नाहीतर पाणीपुरीवाल्यावर जाऊन बसलेला असतो. नायटा उठला तर घामावर ढकलायचा, आणि चंद्रपूरच्या मे महिन्यात घामाला साक्षीदार कमी पडत नाहीत.

शहरातल्या एसी सलूनमध्ये याच वृत्तीला निळ्या दिव्याची पेटी मिळाली आहे. अतिनील किरण पडतात तिथेच काम करतात, केस अडकलेल्या कंगव्याच्या दातांत शिरत नाहीत. कंगवा आधी साबणाने घासावा लागतो. पण घासण्याला निळा उजेड नसतो.

परवडत नाही, हा आक्षेप आठवडी बाजारात झाडाखाली पेटी उघडून बसणाऱ्याच्या तोंडी खरा आहे. त्याच्याजवळ नळ नाही. पण तुरटीची पूड कापसाच्या ताज्या बोळ्याने लावायला नळ लागत नाही. पक्क्या दुकानवाल्याला चार टॉवेल जास्तीचे आणि साबण एवढाच खर्च. पारा ४५ च्या वर जाणाऱ्या मुलखात टॉवेल वाळायला कितीसा वेळ लागतो? (घुग्गुस, दुर्गापूरकडे दोरी घरात बांधावी, नाहीतर कोळशाच्या धुळीने तो पुन्हा धुवावा लागेल.) शिवाय जमते की नाही हे एकदा दिसलेले आहे. कोरोनाच्या टाळेबंदीनंतर २८ जून २०२० पासून राज्यात सलून उघडली तेव्हा कटिंगला परवानगी होती, दाढीला नव्हती. एकदाच वापरायचा टॉवेल, हातमोजे आणि दर गिऱ्हाइकानंतर अवजारांची सफाई बंधनकारक होती. याच भाऊंनी ते केले, कारण खुर्चीतला माणूस घाबरून प्रत्येक हालचाल न्याहाळत होता. भीती गेली, नजर पुन्हा स्वतःच्या भांगाकडे वळली आणि जुना टॉवेल खांद्यावर परतला.

म्हणून नुसते जंतूंचे व्याख्यान देऊन उपयोग नाही. गिऱ्हाईक अख्खी दाढी होईस्तोवर ताडोबाच्या वाघावर आणि धानाच्या बोनसवर बोलते, टॉवेलवर एक अक्षर नाही; मग भाऊंनी तरी कोणासाठी धुवावा? सफाईच आरशासमोर आणावी. मशीनचे पाते झाडून स्पिरिटने पुसणे, घडीचा टॉवेल उलगडणे, कापसाचा बोळा वापरून डब्यात टाकणे, सारे पत्ती मोडण्याच्याच थाटात. एकदा ते पाहणाऱ्याला आवडले की भाऊ दर दाढीला करतील आणि भाव दहा रुपयांनी वाढवतील. ते दहा रुपये कुरकुर न करता द्यावेत.