वजनदार सायकलवीर

तालुक्याच्या प्रत्येक गावात असा एक असतोच. कुठे तो बँकेत असतो, कुठे शाळेत, कुठे मेडिकलच्या काउंटरमागे. कोरपन्यात तो कृषी केंद्र चालवतो. कपाशीचं बियाणं, डीएपी, युरिया, फवारणीचे पंप आणि लांब पल्ल्याच्या सायकल प्रवासाचं मार्गदर्शन अशा पाच गोष्टी त्याच्याकडे मिळतात. पहिल्या चारांचा हंगामात तुटवडा पडतो. पाचवी बारमाही आहे, शिवाय फुकट.

गाव त्याला भाऊ म्हणतं, म्हणून आपणही भाऊच म्हणू. भाऊंचं वय पन्नाशीच्या अलीकडे आणि पोट पन्नाशीच्या पलीकडे. सायकल गिअरची. ती दुकानात खताच्या पोत्यांना टेकून उभी असते, कारण घरात घ्यायला वहिनींची मनाई आहे आणि बाहेर ठेवायला भाऊंची. बाहेर धूळ फार. आवारपूर, उपरवाही, गडचांदूर असे सिमेंटचे कारखाने आजूबाजूला, त्यात चुनखडीचे आणि कोळशाचे ट्रक दिवसरात्र. भाऊ चेनला तेल देतात आणि धूळ त्या तेलावर मुक्कामाला येते. "आधी पुसाचं, मग एकेका कडीले एकेक थेंब, मग वरचं तेल परत पुसून काढाचं," हे ते समजावत असतात. समोरचा शेतकरी युरियाच्या बिलाची वाट पाहत मान हलवत असतो.

भाऊंच्या आयुष्यात रंग भरतो तो नवशिक्या आला की. यंदाचा नवशिक्या म्हणजे कारखान्यात नव्यानं लागलेला एक पोरगा. आला होता कुंडीतल्या गुलाबाला खत मागायला. बोलता बोलता त्याच्या तोंडून निघालं, की आपल्याकडे सायकल आहे आणि डिसेंबरात कुठेतरी लांब जावं म्हणतो. गुलाब त्या दिवशी उपाशीच राहिला.

भाऊंनी आधी इतिहास घेतला. 15 ऑक्टोबर 1923 रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. 1928 साली त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघं सुमारे 71 हजार किलोमीटर तुडवून परतले. उरलेल्या तिघांनी सामान जास्त घेतलं होतं, असं काही भाऊ म्हणत नाहीत. पण ही गोष्ट सांगताना ते दुकानातल्या वजनकाट्याकडे अशा नजरेनं पाहतात, की ऐकणाऱ्याचा तसा समज व्हावा.

मग नागपूरचे डॉ. अमित समर्थ येतात. 2017 मध्ये त्यांनी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत एकट्यानं, बारा दिवसांच्या आत पुरी केली. पुढच्या वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक हे नऊ हजार किलोमीटरहून जास्त अंतर कापलं. विदर्भातले म्हणून भाऊ त्यांना "आपले डॉक्टर" म्हणतात. दुकानात बसलेल्या एका आजींनी मग साहजिकच विचारलं, "गुडघ्याचंबी पाहतेत का जी ते?"

इतिहासानंतर शरीरशास्त्र. सीटची उंची कशी ठरवायची? पेडल सगळ्यात खाली, त्यावर टाच, पाय सरळ. मग टाचेच्या जागी पंजा ठेवला, की गुडघा हवा तेवढा आपोआप वाकतो. पेडलचे फेरे मिनिटाला 80 ते 90, गिअर हलका. पाणी तहान लागायच्या आधी प्यायचं, भूक लागायच्या आधी खायचं. इथवर सगळं सभ्य असतं. पुढचा धडा गादीच्या चड्डीचा. तिच्या आत दुसरी चड्डी घालायची नसते, शिवणी घासून जखमा होतात, हे सत्य भाऊ भरल्या दुकानात, फवारणीच्या औषधाचं प्रमाण सांगावं तशा खणखणीत आवाजात जाहीर करतात. महिला बचत गटाच्या बाया बियाणं न घेताच वळतात. पोरगा गुलाबाइतका लाल होतो.

शेवटी सामान. पोरगा पुढच्या रविवारी दोन्ही बाजूंना पिशव्या लादून आला. भाऊंनी त्या पोत्यांच्या काट्यावर ठेवल्या: 22 किलो. एकेक वस्तू बाहेर निघू लागली. दोन जीन्स, इस्त्रीचा शर्ट, जाडजूड टॉवेल, पॉवर बँक तीन, घरून आलेला चिवड्याचा डबा, लोणच्याची बरणी, छत्री आणि कुलूप; कुलूप असं, की त्यानं गोडाऊन बंद व्हावं.

"घर बदलून राहिला का बे?" भाऊंनी विचारलं.

जास्तीची ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, पंक्चरची पेटी, हातपंप, पान्यांचा संच, दिवे, ओआरएसची पाकिटं आणि कपड्यांचे दोन जोड एवढं राहिलं. जड ते खाली, दोन्ही बाजू समतोल. काटा सातावर आला. पोरगा हलका झाला. मात्र त्याच्या डोक्यावर भाऊंनी जे लादलं, ते मोजायचा काटा कोरपन्यात नाही.

या पंथाचा नियमच तो. सायकलवाल्याचं वजन कधी नष्ट होत नाही, फक्त जागा बदलतं. नवशिक्याचं ओझं पिशवीत असतं. मुरलेल्याची पिशवी रिकामी होते आणि तेवढंच ओझं जिभेवर चढतं. पहिल्या वर्षी माणूस तीन स्वेटर घेऊन निघतो, दहाव्या वर्षी एका बनियनवर निघतो आणि वाटेत भेटेल त्याला तीन स्वेटरांचे तोटे सांगतो.

भाऊंच्या जिभेवरचं सर्वांत जड ओझं म्हणजे त्यांचं नागपूरचं 'ब्रेवे', म्हणजे ठरल्या वेळात पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी. यात कोणी पहिला-दुसरा नसतो, फक्त मुदत असते: 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27, 600 ला 40. वाटेतल्या ठरल्या ठिकाणी कार्डावर शिक्के घ्यायचे. या वाटेचं पंढरपूर म्हणजे फ्रान्समधलं पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, 1,200 किलोमीटर, जास्तीत जास्त 90 तास. भाऊंनी 200 चं केलं. मुदत संपायला सात मिनिटं उरली होती. ती सात मिनिटं ते पाऊण तासात सांगतात. तेव्हापासून शिक्क्याचं असं वेड लागलं, की साध्या फेरीलाही ते घरचं छापील कार्ड नेतात. एका ग्रामपंचायतीत शिपायानं विचारलं, "रहिवासी दाखला पाहिजे का उत्पन्नाचा?" भाऊ म्हणाले, "मी इथून गेलो याचा." असा दाखला मृत्यूनंतर देतात, असं शिपायाचं म्हणणं पडलं.

डिसेंबरात एका रविवारी पहाटे गडचांदूरमार्गे जिवतीचा बेत ठरला. मे महिन्यात इकडे पारा 46-47 च्या पुढे जातो, त्या दिवसांत भाऊ फक्त बोलून सायकल चालवतात; नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. रस्त्यावर सूचना चालूच. "भरलेला ट्रक बाजूनं गेला की आधी बाहेर ढकलते, मग आत ओढते. हँडल आवळू नको, खांदे सैल ठेव." "कुत्रं मागं लागलं तर थांब, सायकल मधात धर." पोरानं वाघाबद्दल विचारलं. "दिवस मावळल्यावर जंगलाचा रस्ता धराचा नाही, संपलं. बाकी वाघाले आपली पडली नाही. कुत्र्याले आहे."

वाटेत प्रत्येक पानठेल्यावरून एकच प्रश्न येतो: "काहून भाऊ, पेट्रोल परवडत नाही का?" नवशिक्याला याचा राग येतो. मुरलेला थांबतो, उतरतो आणि उत्तर देतो. म्हणून मुरलेल्याला पोचायला उशीर होतो. तर्री-पोह्याच्या गाडीवर तर भाऊंनी तीन जणांची सीटची उंची सुधारली. त्यांतला एक बुलेटवर होता.

गडचांदूर सुटलं, माणिकगडाचे डोंगर समोर आले, चढ लागला आणि चमत्कार झाला. भाऊ गप्प झाले. ज्यांना शक्य असेल त्यांनी हा चढ गावाजवळ आणून ठेवावा, असं कोरपन्यातल्या अनेकांचं जुनं मत आहे. चढाला जीभ लागत नाही, पाय लागतात आणि पाय भाऊंचे खरोखर चांगले आहेत. पोरगा जोरात सुटला होता, तिसऱ्या वळणावर उतरला आणि सायकल ढकलू लागला. भाऊ मागून आले. पुढे निघून जाणं सहज जमलं असतं. ते उतरले आणि त्याच्या शेजारून चालत सायकल ढकलू लागले. चढावर उतरायचं नाही, असं हाच माणूस महिनाभर काउंटरवरून बजावत होता. त्याबद्दल त्या वळणावर दोघांपैकी कोणी काही बोललं नाही. वर पोचल्यावर श्वास परत आला आणि भाऊंनी चालत सायकल ढकलण्याची शास्त्रशुद्ध पद्धत सांगायला घेतली.

उन्हाळा सरेपर्यंत पोरानं चंद्रपूर केलं, आदिलाबाद केलं. पिशव्या दोनाच्या एक झाल्या. मग जूनमध्ये, बियाण्याला रांग लागलेली असताना, एक नवी शिक्षिका दुकानात पत्ता विचारायला आली. बाहेर तिची सायकल उभी. भाऊ बिलात गुंतलेले. पोरगा काउंटरला टेकून उभा होता, तो पुढे सरसावला.

"मॅडम, पहिले सामान कमी करा," त्यानं सुरुवात केली. मग 1923 आलं, आपले डॉक्टर आले, टाच आणि पंजा आला. गादीच्या चड्डीपाशी तो क्षणभर अडखळला आणि शहाण्यासारखा थेट चेनच्या तेलावर गेला. रांग खोळंबली. भाऊंनी पेन खाली ठेवलं. आपलं अख्खं ओझं दुसऱ्याच्या जिभेवर पाहताना माणसाला हलकं वाटायला हवं. भाऊंचा चेहरा मात्र खत संपल्याचा फलक लावताना होतो तसा झाला होता.

"अबे," ते शेवटी म्हणाले, "कार्डाचं सांग ना. शिक्क्याचं राहिलं."

आणि युरियाची रांग तशीच ठेवून स्वतःच सांगू लागले.